आल्फ्रेड बिने : बुद्धिमापनाचे जनक

आल्फ्रेड बिने (१८५७–१९११) यांनी पदवी घेतली ती कायद्याची. मानसशास्त्र मात्र ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात वाचूनच शिकले. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना योग्य शिक्षण मिळावे, म्हणून १९०५ साली त्यांनी तेओदोर सिमाँ यांच्या साहाय्याने ३० कसोट्यांची श्रेणी रचली. १९०८ मध्ये तिला मानसिक वयाची जोड मिळाली. बुद्धी जन्मतःच कायमची ठरते, हे मत त्यांना अमान्य होते; योग्य सरावाने ती वाढते, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या मृत्यूनंतर अमेरिकेत मात्र हेच माप माणसांवर कायमचा शिक्का मारण्यासाठी वापरले गेले. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कानडी मुलांसाठी ही श्रेणी नव्याने बसविली. मागे पडलेल्या मुलाला पुढे नेणे, हा बिने यांचा मूळ हेतू शिक्षकांनी विसरू नये.