ॲलन विल्सन : आईकडच्या डीएनएचा माग काढत आफ्रिकेत पोहोचलेला शास्त्रज्ञ

मोबाईलवर डीएनए टेस्टच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतीलच. नळीत थुंकी भरून कुरियरने पाठवायची आणि काही दिवसांनी रिपोर्ट बघायचा. त्यात आईकडचा वंश सांगताना एम, आर, यू असं एखादं अक्षर आणि पुढे आकडा दिलेला असतो. अक्षर कुठलंही येवो, ती रेषा मागे मागे नेत गेलं की शेवटी आफ्रिकेत पोहोचते.

आज आपण हे सहज बोलून जातो. पण १९८७ साली हे पुराव्यासह मांडलं तेव्हा हाडांचे अवशेष अभ्यासणारे कित्येक तज्ज्ञ खवळले होते. मांडणाऱ्या तिघांपैकी प्रयोगशाळेचे प्रमुख होते ॲलन विल्सन. आज मी त्यांचीच गोष्ट सांगणार आहे, आणि सोबत त्यांचं तंत्र कसं चालतं तेही.

गोठ्यापासून बर्कलेपर्यंत

विल्सन यांचा जन्म १८ ऑक्टोबर १९३४ चा, न्यूझीलंडमधल्या नारुवाहिया गावचा. घरची डेअरी होती, म्हणजे बालपण गाईगुरांच्या सोबतीने गेलं. ओटागो विद्यापीठातून १९५५ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले आणि १९६१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले कॅम्पसमधून पीएचडी झाले. १९६४ पासून तिथेच बायोकेमिस्ट्री शिकवायला लागले. पुढचं सगळं आयुष्य त्याच प्रयोगशाळेभोवती फिरलं.

हा विषय लक्षात ठेवा, बायोकेमिस्ट्री. माणसाचा इतिहास शोधायचा म्हणजे जमीन खणायची आणि हाडं गोळा करायची, अशी तेव्हाची रीत होती. विल्सन मात्र टेस्ट ट्यूब घेऊन त्या प्रांतात शिरले.

पहिला वाद, आणि त्यात भारताचा संबंध

हिमालयाच्या पायथ्याला शिवालिक टेकड्यांमध्ये १९३० च्या दशकात एका जुन्या प्राण्याच्या जबड्याचे तुकडे सापडले होते. त्याला नाव मिळालं रामापिथेकस. पुढे तज्ज्ञांनी ठरवलं की हा माणसाचाच पूर्वज असणार, म्हणजे माणूस आणि वानर दीड कोटी वर्षांपूर्वीच वेगळे झाले असणार.

विल्सन आणि त्यांचे विद्यार्थी व्हिन्सेंट सारिच यांनी १९६७ मध्ये वेगळाच हिशोब मांडला. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन माणूस, चिंपांझी आणि माकडांमध्ये किती वेगळं आहे ते त्यांनी मोजलं. असे फरक साधारण ठरावीक वेगाने साठत जातात, म्हणून फरक मोजला की काळ काढता येतो. यालाच रेणूंचं घड्याळ म्हणतात. उत्तर आलं सुमारे ५० लाख वर्षं. दीड कोटीच्या जागी अर्धा कोटी! विरोध तर होणारच. पण पुढे जास्त अवशेष सापडले आणि १९८० च्या दशकात रामापिथेकस हा ओरांगउटानच्या नात्यातला निघाला. टेस्ट ट्यूब जिंकली होती.

आईकडचाच डीएनए का?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आपल्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात. त्यांना पेशीची पॉवर बँक समजा. गंमत म्हणजे त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो. पेशीच्या केंद्रातला डीएनए सुमारे ३०० कोटी अक्षरांचा, तर हा फक्त १६,५६९ अक्षरांचा. आणि तो येतो आईकडून. वडिलांच्या शुक्राणूतले मायटोकॉन्ड्रिया गर्भ वाढताना नष्ट होतात. म्हणजे तुमच्यातला हा डीएनए आईचा, तिच्या आईचा, तिच्या आजीचा. मुलगा तो घेतो, पण पुढे देऊ शकत नाही. मुलीच पुढे देतात.

समजा, एखादा मेसेज फॉरवर्ड न करता प्रत्येकाने पुन्हा टाईप करून पुढे पाठवला. कधीतरी कुणाची एखादी चूक होणार. त्याच्यापासून पुढे गेलेल्या सगळ्या मेसेजमध्ये ती चूक राहणार, वर नव्या चुका जमणार. शेवटी सगळे मेसेज समोर ठेवले तर कुणाचा मेसेज कुणाकडून आला याचं झाड काढता येईल. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचंही तसंच होतं. पिढ्यांपिढ्या कॉपी होताना एखादं अक्षर बदलतं आणि ती खूण लेकींमार्फत पुढे चालू राहते.

१४७ जणांचा हिशोब

विल्सन यांच्या विद्यार्थिनी रिबेका कॅन आणि विद्यार्थी मार्क स्टोनकिंग यांनी १४७ जणांचे नमुने जमवले. आफ्रिकी, आशियाई, युरोपीय वंशाचे लोक, ऑस्ट्रेलियातले आदिवासी आणि न्यू गिनीचे लोक. तेव्हा थुंकीच्या थेंबावर काम भागत नव्हतं, म्हणून बहुतेक नमुने बाळंतपणानंतर पडणाऱ्या वारेचे घेतले. वारेत भरपूर डीएनए मिळतो. मग १२ प्रकारची एन्झाइम्स वापरली. प्रत्येक एन्झाइम ठरावीक अक्षरं दिसली की तिथेच डीएनए कापतं, अगदी आपण पानावर शब्द सर्च करतो तसं. तुकड्यांची लांबी बघून कुणात कुठे बदल झालाय ते कळतं.

झाड तयार झालं तेव्हा त्याच्या बुंध्याला दोन फांद्या होत्या. एका फांदीवर फक्त आफ्रिकी लोक. दुसरीवर उरलेले आफ्रिकी आणि बाकीचं सगळं जग. सगळ्यात जास्त फरकही आफ्रिकी नमुन्यांमध्येच साठलेले, म्हणजे तिथला काळ सगळ्यात लांब. हिशोब असा निघाला की सगळ्यांच्या रेषा सुमारे २ लाख वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीला मिळतात आणि ती बहुधा आफ्रिकेत राहत होती. १ जानेवारी १९८७ ला हा निबंध नेचरमध्ये छापून आला.

पत्रकारांनी तिला ईव्ह म्हटलं आणि गोंधळ सुरू झाला. लोकांना वाटलं, तेव्हा जगात एकच बाई होती! तसं अजिबात नाही. तिच्या काळात इतर हजारो स्त्रिया होत्या. त्यांच्याही अंशाचा वाटा आपल्यात असू शकतो. फक्त त्यांच्या लेकींच्या रेषा कुठे ना कुठे तुटल्या, कारण कुणाला फक्त मुलगे झाले, तर कुणाला मूलच झालं नाही. म्हणून विल्सन यांना तिला नशीबवान आई म्हणणं जास्त पसंत होतं.

आक्षेप खरे होते

चीनमधले आणि जावा बेटावरचे लाखो वर्षांपूर्वीचे मानव हेच तिथल्या आजच्या लोकांचे पूर्वज, असं मानणारा एक मोठा गट होता. त्यांना हे पटणं शक्य नव्हतं. शिवाय एक आक्षेप नेमका होता. आफ्रिकी म्हणून घेतलेल्या २० जणांपैकी १८ जण अमेरिकेत जन्मलेले कृष्णवर्णीय होते. मग हा आफ्रिकेचा पुरावा कसा?

उत्तर इतिहासात होतं, आणि ते अस्वस्थ करणारं आहे. गुलामगिरीच्या काळात गोऱ्या पुरुषांपासून काळ्या स्त्रियांना मुलं झाली, उलटं क्वचितच घडलं. त्यामुळे वडिलांकडून युरोपीय अंश मिसळला तरी आईकडची रेषा बहुतेक आफ्रिकीच राहिली. जहाजांत कोंबून समुद्रापार नेलेल्या स्त्रियांची नोंद त्यांच्या पणत्यांच्या पेशींत टिकून होती.

तरी विल्सन यांच्या गटाने नवा अभ्यास हाती घेतला. या वेळी १८९ जण आणि त्यातले १२१ थेट आफ्रिकेतले. नुसते तुकडे न मोजता थेट अक्षरं वाचली. निष्कर्ष तोच. पण हा निबंध सप्टेंबर १९९१ मध्ये छापून आला तेव्हा विल्सन नव्हते. सिॲटलमध्ये ल्युकेमियावर उपचार चालू असताना २१ जुलैला त्यांचं निधन झालं. वय ५६.

लगेच १९९२ मध्ये नवा धक्का बसला. झाड काढणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला त्याच माहितीतून इतर हजारो झाडं काढता येतात आणि काहींचा बुंधा आफ्रिकेबाहेरही जातो, हे इतर संशोधकांनी दाखवलं. उत्तर द्यायला विल्सन नव्हते. अखेर २००० साली ५३ जणांची सगळीच्या सगळी अक्षरं वाचून झाली आणि बुंधा पक्का आफ्रिकेतच सापडला. काळ निघाला सुमारे १ लाख ७० हजार वर्षं.

एक बाजू मात्र बदलावी लागली. आफ्रिकेतून निघालेल्यांनी बाहेरच्या जुन्या मानवांशी संबंध न ठेवता त्यांची जागा घेतली, असं विल्सन मानत. २०१० मध्ये कळलं की आफ्रिकेबाहेरच्या लोकांत निअँडरथलचा थोडा अंश आहे. हे शोधणारे स्वांते पेबो कधीकाळी विल्सन यांच्याच प्रयोगशाळेत शिकायला होते. २०२२ चं नोबेल त्यांना मिळालं.

आजींना मिळालेली नातवंडं

मला या गोष्टीतला सगळ्यात भावलेला भाग वेगळाच आहे. विल्सन यांची एक विद्यार्थिनी होती मेरी-क्लेअर किंग. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत हजारो तरुणांना पळवून मारलं गेलं. त्यांची बाळं दुसऱ्यांच्या घरी वाढली. आजी त्यांना शोधत होत्या, पण ओळख पटवायची कशी? आईवडील तर हयात नव्हते. आईच्या आईचा आणि नातवंडाचा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए सारखाच असतो. किंग यांनी तोच ताडून पाहायला सुरुवात केली. आजवर त्या आजींनी १३० हून जास्त नातवंडं शोधून काढली आहेत.

आता तुमचा रिपोर्ट

पूर्व आफ्रिकेत सुमारे ७० हजार वर्षांपूर्वी एल३ नावाची शाखा होती. तिच्यातून एम आणि एन या दोन फांद्या फुटल्या, आणि आफ्रिकेबाहेरच्या जवळजवळ सगळ्या रेषा या दोघींमधूनच येतात. भारतात निम्म्याहून जास्त लोक एमचे, आर ही एनची लेक आणि यू ही आरची. गुजरात आणि कर्नाटकातल्या सिद्दी समाजात मात्र थेट एल शाखा सापडतात, कारण त्यांचे पूर्वज गेल्या काही शतकांतच आफ्रिकेतून आले.

रिपोर्ट वाचताना एक आकडा लक्षात ठेवा. दहा पिढ्या मागे गेलात तर तुमच्या पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात. मायटोकॉन्ड्रियाचं ते अक्षर त्यातल्या फक्त एकीबद्दल बोलतं. त्यावरून जात, धर्म किंवा मूळचा-बाहेरचा असं काही ठरत नाही. कुणी तसा स्क्रीनशॉट पाठवून वाद घातला, तर बाकीच्या १,०२३ जणांचं काय, एवढंच विचारा.