कॉर्बेट यांचा लहानसा कॅमेरा

जिम कॉर्बेट म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे खांद्यावर रायफल टाकून कुमाऊंच्या डोंगरवाटा तुडवणारा शिकारी उभा राहतो. चंपावतची ४३६ बळी घेणारी वाघीण त्यांनी १९०७ साली टिपली, रुद्रप्रयागचा १२५ माणसे मारणारा बिबट्या १९२६ साली. या कथा अनुवादांतून घरोघर पोहोचल्या. याच माणसाने वाघाचे एक धड चलच्चित्र मिळावे म्हणून आयुष्याची दहा वर्षे खर्ची घातली आणि त्यातला बहुतेक काळ हात हलवीत परत येण्यात गेला, याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते.

कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील तेथील पोस्टमास्तर. हिवाळा आला की हे भलेमोठे कुटुंब डोंगर उतरून पायथ्याच्या कालाढुंगीला मुक्कामास येई. पाखरांचे इशारे ओळखणे, धुळीतल्या पाऊलखुणा वाचणे, वाऱ्याची दिशा पाहून पाऊल टाकणे हे शिक्षण लहानग्या जिमला त्या रानात मिळाले. पुढे सुमारे दोन दशके त्यांनी गंगाकाठच्या मोकामा घाटावर रेल्वेच्या मालाची चढउतार सांभाळली. त्या नोकरीतून सवड काढूनच नरभक्षकांचा पाठलाग होत असे.

वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि कॉर्बेट यांच्या मनाने वेगळीच उचल खाल्ली. चॅम्पियन वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवीत. रात्री तारेला वाघाचा पाय लागला की प्रकाशाचा लखलखाट होई आणि वाघ आपले छायाचित्र आपणच काढून घेई. या तंत्राला तोड नव्हती. कॉर्बेट यांना मात्र वाघ दिवसाउजेडी, चालताबोलता हवा होता आणि कॅमेऱ्यामागे माणूस असणार होता.

मग यंत्र कोणते घ्यायचे? त्या काळचे चित्रपटाचे ३५ मिलिमीटरचे कॅमेरे वजनदार, तिकाटण्यावर बसवायचे. गवतातून पोटावर सरकणाऱ्या माणसाला त्यांचा काय उपयोग! हौशी लोकांसाठी १६ मिलिमीटरची फिल्म १९२३ मध्ये बाजारात आली आणि हातात धरता येतील असे कॅमेरे निघाले. त्यांपैकीच बेल अँड हॉवेल कंपनीचा एक कॅमेरा एका उदार मित्राने कॉर्बेट यांना भेट दिला. किल्ली दिली की आतली स्प्रिंग फिल्म पुढे सरकवी. रायफलीच्या जागी हे हत्यार त्यांनी सहज उचलले.

लहान यंत्राची किंमत त्यांना पुढे कळली. स्प्रिंग सुटली की कॅमेरा घरघरे, आणि वाघाचे कान किती तीक्ष्ण असतात हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? दहा वर्षांत वाघाचे दर्शन दोनशेएक वेळा घडले, पण मनाजोगते चित्र एकही हाती लागले नाही. कधी प्रकाश जास्त, कधी कमी, कधी आड आलेले गवत, कधी भिंगावर कोळ्याचे जाळे. एकदा तर धुतानाच फिल्मवरचा लेप वितळला. भक्ष्याजवळ गेले म्हणून वाघांनी आणि पिल्लांजवळ गेले म्हणून वाघिणींनी त्यांना पिटाळून लावले, ते वेगळेच.

अखेर १९३८ साली, साठी ओलांडल्यावर, त्यांनी सबंध हिवाळा याच कामाला द्यायचा ठरवला. वाघामागे धावण्याऐवजी आधी जागा निवडली: पन्नास यार्ड रुंदीची उघडी घळ, मधून वाहणारा चिमुकला ओढा, दोन्ही अंगांना दाट झाडी. ओढ्यात जागोजाग बांध घालून त्यांनी काही इंच उंचीचे धबधबे तयार केले. पाण्याच्या त्या खळखळाटात कॅमेऱ्याची घरघर बुडून जावी, एवढाच हेतू. यंत्राचा दोष यंत्रात दुरुस्त होईना, म्हणून त्यांनी ओढ्याकडून तो झाकून घेतला.

नंतर तीन दूरदूरच्या भागांत शोधलेले सात वाघ थोडेथोडे करून या घळीकडे आणायचे होते. आसपासच्या रानात शिकाऱ्यांचा राबता, त्यामुळे वाघ कोणाच्या दृष्टीस पडू न देणे हेच मोठे काम होऊन बसले. एक वाघीण आल्याच्या दुसऱ्या दिवशी निघून गेली, पण तोवर तिचे चित्र घेऊन झाले होते. उरलेल्या सहांसाठी कॉर्बेट पहाटेपूर्वी निघत. दंवाने भिजलेला पाचोळा पायाखाली वाजत नसे. ओढ्याशी पडून राहायचे, उजेड आणि संधी मिळेल तसे चित्रण करायचे. साडेचार महिन्यांत एकाही वाघाने त्यांना पाहिले नाही.

हिवाळा नेमका विलक्षण पावसाचा निघाला. हजार फूट फिल्मपैकी कित्येकशे फूट ओल, अपुरा उजेड आणि घाईने भरलेले रीळ यांपायी वाया गेली. हाती राहिली सुमारे सहाशे फूट, म्हणजे मूकपटाच्या गतीने जेमतेम पंचवीस मिनिटे. तीत चार नर, त्यांपैकी दोन दहा फुटांहून लांब, आणि दोन माद्या होत्या. त्या दोघींतली एक पांढरी वाघीण! अंतर दहा ते साठ फूट.

कॉर्बेट यांनी बंदूक टाकून दिली, असा समज करून घेणे भाबडेपणाचे ठरेल. याच १९३८ च्या ३० नोव्हेंबरला त्यांनी ठाकची नरभक्षक वाघीण मारली. ती त्यांची अखेरची नरभक्षक. मात्र शिकारीच्या कातड्याचे केस कालांतराने झडतात आणि त्याचे कौतुक मालकापुरतेच असते, चित्र सर्वांचे होते, हे त्यांचे मत पक्के झाले होते. मुंबईच्या ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९४४ मध्ये ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ प्रसिद्ध केले, त्याच्या शेवटच्या प्रकरणात कॅमेऱ्याची ही हकीकत आहे. तेथे लहान यंत्राची दुसरी अडचण पुढे आली. सोळा मिलिमीटरची चौकट जेमतेम सेंटिमीटरभर रुंद, पडद्यावर कितीही स्वच्छ दिसली तरी छपाईसाठी मोठी केली की फिकी पडणारी. तरीही त्यांनी वाचकांना आपल्या त्या रानातल्या स्टुडिओची कल्पना यावी म्हणून चित्रे दिलीच.

कॉर्बेट १९४७ मध्ये बहीण मॅगीसह केनियाला गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे वारले. ज्याच्या आखणीत त्यांचा हात होता, त्या १९३६ सालच्या हेली राष्ट्रीय उद्यानाला त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे नाव देण्यात आले. आज तेथे पहाटेच्या जीपगाड्यांतून येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हाती कॅमेरा असतो.