हास्यवायूने वेदना शमविणारा दंतवैद्य

दंतवैद्याच्या खुर्चीत भेदरलेल्या मुलांना शांत करण्यासाठी आजही हास्यवायू दिला जातो. हा वायू दंतोपचारात आणणारे अमेरिकी दंतवैद्य होरेस वेल्स यांचा जन्म १८१५ चा. १० डिसेंबर १८४४ रोजी हार्टफर्ड येथील करमणुकीच्या प्रयोगात हा वायू हुंगलेल्या तरुणाला पायाची जखम जाणवलीच नाही, हे वेल्स यांनी हेरले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी वायू घेऊन जॉन रिग्ज यांच्याकडून स्वतःची दाढ काढवून घेतली. १८४५ मध्ये बोस्टनमधील प्रात्यक्षिकात मात्र रुग्ण ओरडला आणि वेल्स यांची हेटाळणी झाली. पुढे क्लोरोफॉर्मच्या आहारी गेलेल्या वेल्स यांनी १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात जीवनयात्रा संपविली. अमेरिकी दंतवैद्यक संघटनेने त्यांच्या शोधाला मान्यता दिली, ती १८६४ मध्ये.