पदवीची किंमत कोणी मोजली?

मुलीला परदेशातल्या नामांकित विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे, घर तारण ठेवून कर्ज काढावे काय, असे विचारायला समाजातील पालक वकिलाकडे येतात. कर्जाच्या अटी कायद्याने सांगता येतात. कर्ज काढावे की नाही, हे कायदा सांगत नाही. त्यासाठी बाबासाहेबांच्या विद्यार्थीजीवनाकडे वळावे लागते. त्यांच्या पदव्या आपल्याला तोंडपाठ आहेत. त्या पदव्यांचा खर्च आपण क्वचितच विचारात घेतो.

फेब्रुवारी १९१३ मध्ये सुभेदार रामजी गेले आणि घरचा आधार तुटला. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तिच्यासोबत करार होता : शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी. करारावर सही करून बाबासाहेब जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोहोचले.

कोलंबिया विद्यापीठात त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचेच २९ अभ्यासक्रम घेतले. सेलिग्मन, ड्युई यांच्यासारखे गुरू लाभले. १९१५ मध्ये एम.ए. झाले, १९१६ मध्ये जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. पोटाला चिमटा काढून पुस्तके जमवली. १९१६ मध्येच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले.

करारानुसार ते बडोद्याला रुजू झाले. संस्थानचा उच्चशिक्षित अधिकारी, पण शहरात राहायला जागा मिळेना. पारशी सराईतून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कोलंबियाची पदवी त्या जमावाला दिसलीच नाही, दिसली ती जात. मोठ्या विद्यापीठाच्या नावाने प्रतिष्ठा विकत मिळेल असे ज्यांना वाटते, त्यांनी हा प्रसंग विसरू नये.

मग हाच माणूस पुन्हा लंडनला का गेला? प्रतिष्ठेसाठी जायचे असते तर बडोद्याचा अनुभव पुरेसा होता. त्यांना अर्थशास्त्र आणि कायदा पुरता हातात हवा होता. १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पगारातून पैसे साठवले. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली. मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले. लंडनला अर्धपोटी राहून त्यांनी १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. पदवी मिळवली, बॅरिस्टरही झाले. मुंबईत परतल्यावर वकिलीची सनद घेण्यासाठीही पुन्हा भथेनांकडे हात पसरावा लागला.

या हिशेबात एक नाव कोणत्याही करारावर नाही : रमाईचे. परळच्या चाळीत तिने उपासमार सोसली. पदवीचा मोठा हप्ता तिने फेडला.

त्या विद्येचे पुढे काय झाले? १९२५ मध्ये चलनविषयक रॉयल कमिशनपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढून नोकरदार मुलांसाठी सकाळचे वर्ग भरवले. जो खर्च आपल्या घराने सोसला, तो प्रत्येक झोपडीने एकटीने सोसावा असे त्यांना मान्य नव्हते.

म्हणून पालकांनो, विद्यापीठाच्या नावाला भुलून घराचे कागद बँकेत नेऊ नका. तिथे काय शिकवतात, कोण शिकवते, मुलीला त्यातले नेमके काय हवे आहे, हे आधी विचारा. शिष्यवृत्तीचे अर्ज मुदतीत भरा. नाकारला तर कारण लेखी मागा. कर्ज काढायचेच असेल, तर घरातली रमाई कोण होणार आहे, तेही त्याच दिवशी ठरवा. आणि तिला विचारून ठरवा. जयभीम!