कोयनेलच्या निळाईचा शोधकर्ता

कोयनेलचे पाणी काचेच्या नळीत भरले, तर ते साध्या पाण्यासारखेच निर्मळ दिसते. उन्हात धरले की मात्र त्यावर निळसर झाक उमटते. जॉन हर्शेल यांनी १८४५ मध्ये नोंदवलेले हे कोडे उलगडले ते सर जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी. जिवंत पेशीतील धातूंचे आयन आज ज्या रंगद्रव्यांनी टिपले जातात, त्यांचे मूळ या उलगड्यात आहे.

स्टोक्स यांचा जन्म १३ ऑगस्ट १८१९ रोजी आयर्लंडमधील स्क्रीन या गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. केंब्रिजच्या गणित परीक्षेत १८४१ मध्ये ते पहिले आले. १८४९ मध्ये, पूर्वी न्यूटन यांनी भूषविलेल्या ल्युकेशियन अध्यासनावर त्यांची नियुक्ती झाली.

सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडून त्यांनी कोयनेलची नळी त्यात पुढे पुढे सरकवली. जांभळा रंग संपून डोळ्यांना अंधारच दिसतो, तिथे नळी निळी उजळली. पदार्थ अदृश्य अतिनील किरण शोषतो आणि अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतो, हे त्यांनी १८५२ मध्ये मांडले. फ्लुओराइट या खनिजावरून त्यांनी या आविष्काराला ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव दिले. क्लोराइडसारख्या आयनांमुळे कोयनेलची ही झळाळी मंदावते, हेही पुढे त्यांच्या ध्यानात आले. प्रकाशाची वाढ वा घट द्रावणात काय मिसळले आहे ते सांगते, याचीच ती खूण होती.

१८५४ पासून ३१ वर्षे ते रॉयल सोसायटीचे सचिव होते. इतरांचे निबंध तपासण्यात त्यांचा मोठा काळ गेला. स्वतःच्या संशोधनाला त्याची झळ बसली. अध्यासन मात्र त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. १ फेब्रुवारी १९०३ रोजी केंब्रिज येथेच त्यांचे निधन झाले.

त्याच केंब्रिजमध्ये रॉजर त्सिएन यांनी १९८० मध्ये कॅल्शियम ओळखणारी रंगद्रव्ये सिद्ध केली. त्यांपैकी ‘क्विन-२’च्या रेणूत कोयनेलमध्ये असते तेच क्विनोलिनचे कडे आहे. विश्रांत पेशीतील मुक्त कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असते. स्नायू आकुंचन पावताना ते क्षणात वाढते, आणि पेशी न फोडता ही वाढ प्रकाशाच्या रूपाने मोजता येते. पुढे जस्त व तांबे यांच्यासाठीही असे संवेदक तयार झाले.

स्टोक्स यांना पेशीतील कॅल्शियम मोजायचे नव्हते. निर्मळ पाणी निळे का दिसते, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.