अध्यापक चार्ल्स हॉज

प्रभूच्या द्राक्षमळ्यांत कोणी गांवोगांव फिरून सेवा करितात, तर कोणी एका जागीं बसून. अमेरिकेंतील प्रेस्बिटेरियन मंडळीचे थोर शास्त्री चार्ल्स हॉज हे दुसऱ्या प्रकारचे सेवक होते. त्यांची हकीकत आम्ही आमच्या खेड्यांतील मंडळ्यांसाठीं थोडक्यांत देतों.

हॉज यांचा जन्म १७९७ सालीं फिलाडेल्फिया शहरीं झाला. वडील डॉक्टर होते, परंतु ते १७९८ सालींच वारले. विधवा आईनें काटकसरीनें दोघां मुलांना वाढविलें व ख्रिस्ती प्रश्नोत्तरावलि त्यांच्याकडून पाठ करून घेतली. १८१९ सालीं हॉज यांचा प्रिन्स्टन येथील सेमिनरींतील अभ्यासक्रम पुरा झाला. तेथील पहिले अध्यापक आर्चिबाल्ड अलेक्झांडर यांनीं त्यांजवर पुत्रवत् प्रेम केलें. पुढें हॉज यांनीं आपल्या एका मुलास ह्याच गुरूंचें नांव ठेविलें. १८२२ सालीं ते स्वतः तेथें अध्यापक झाले. १८२६ ते १८२८ पर्यंत यूरोपांत राहून त्यांनीं नवीं मतें ऐकिलीं, पण त्यांचा विश्वास ढळला नाहीं.

१८३३ च्या सुमारास पायाच्या दुखण्यानें ते अंथरुणास खिळले. तेव्हां विद्यार्थीच त्यांच्या खोलींत येऊं लागले. पडल्यापडल्या ते शिकवीत, व ह्याच दिवसांत त्यांनीं रोमकरांस पत्रावरील टीका लिहून १८३५ सालीं प्रसिद्ध केली. त्या खोलीच्या दाराची कडी त्यांनीं काढून टाकविली होती, कारण लहान लेंकरांना केव्हांहि आंत येतां यावें.

पन्नासांहून अधिक वर्षांत सुमारें ३,००० विद्यार्थी त्यांच्या हाताखालून गेले. त्यांचा पुत्र आर्चिबाल्ड १८४७ सालीं मिशनरी होऊन अलाहाबादेस आला व प्रकृति बिघडल्यामुळें १८५० सालीं परत गेला. १८७२ सालीं हॉज यांच्या अध्यापनाचा सुवर्णमहोत्सव झाला, तेव्हां शेंकडों जुने शिष्य जमले. तेथें कांहीं नवें मत निघालें नाहीं, जुनें शास्त्रच शिकविलें गेलें, ह्यांतच त्यांना समाधान होतें. त्यांचा ईश्वरविज्ञानावरील तीन भागांचा ग्रंथहि ह्याच सुमारास बाहेर पडला.

एक गोष्ट मात्र झांकून ठेवणें बरें नव्हे. गुलाम बाळगणें हें मुळांतच पाप आहे असें शास्त्र म्हणत नाहीं, असें मत त्यांनीं १८३६ सालीं छापलें, आणि त्यांच्या स्वतःच्या घरींहि गुलाम होते. गुलामांस जाचणारे कायदे त्यांना मान्य नव्हते, व ही चाल हळूहळू बंद व्हावी असें त्यांना वाटे. तरी तिला त्यांनीं पाप म्हटलें नाहीं. जगानें हलके मानिलेल्या लोकांतून प्रभूकडे आलेल्या आमच्या बंधुभगिनींना हें वाचून दुःख होईल, व व्हावेंच. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे असें जे वर्गांत शिकवीत, त्यांस घरांतील गुलामाचें बंधन तोडणें सुचलें नाहीं. यास्तव शिक्षक कितीहि थोर असो, त्याचें शिक्षण वचनाशीं ताडून पाहणें हें मंडळीचें कर्तव्य होय.

१९ जून १८७८ रोजीं प्रिन्स्टन येथेंच हॉज निजले. रात्रींच्या शाळेंत चार मुलांस प्रश्नोत्तरें शिकवितांना ज्या कॅटेकिस्ट बंधूला आपलें काम क्षुद्र वाटतें, त्यानें हें ध्यानांत आणावें कीं, ३,००० उपदेशकांच्या ह्या गुरूचा पहिला पाठ एका विधवेच्या घरीं अशाच प्रश्नोत्तरांनीं झाला होता.