बलोपासनेचा व्रती : हरिश्चंद्र बिराजदार

हनुमान जयंतीच्या या मंगलदिनी आम्हांस लातूरच्या मातीतील एका बलोपासकाचे पुण्यस्मरण होते. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड हे हरिश्चंद्र बिराजदार यांचे गाव. १९६९ साली लातुरातच ते महाराष्ट्र केसरी झाले. १९७२ मध्ये रुस्तुम-ए-हिंद.

मल्लाचा देह प्रदर्शनासाठी कोरलेला नसतो. जोर-बैठका, लाल माती आणि दूध, तूप, बदामाचा खुराक यांनी मान, पाठ व मांड्या भरतात. स्नायूंच्या रेषा उठून दिसत नाहीत. बळ दिसते ते पकडीत आणि दमात. पुढे १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये १०० किलो गटात सुवर्णपदक मिळविणाऱ्या बलदंड सतपाल यांना हरिश्चंद्रांनी १९७७ मध्ये नमविले, तेव्हा याची प्रचीती आली.

देह थकतो, विद्या मात्र दिल्यानेच टिकते. हे जाणून त्यांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत लातूरच्याच काका पवारांसारखे मल्ल घडविले. २०११ मध्ये ते निवर्तले. नांदेड जिल्ह्यातील माळेगावी खंडोबाच्या यात्रेत आजही कुस्त्यांचा फड रंगतो. मारुतिरायास वंदून मातीत उतरणाऱ्या प्रत्येक पोराच्या शड्डूत आम्हांस त्यांचीच तपश्चर्या घुमताना ऐकू येते.